तान्ह्या बाळाचा पासपोर्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मुलीचा पासपोर्ट आम्ही ती तीन महिन्यांची असताना काढला. तेव्हापासून नात्यातल्या, ओळखीतल्या नव्या आयांचे फोन येत असतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिते आहे. सगळं भारतीय पासपोर्टबद्दल आहे, आणि भारतात राहून अर्ज करणाऱ्यांसाठी. परदेशात जन्मलेल्या बाळाबद्दल पुढे थोडं आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण ती प्रत्येक उत्तरात डोकावणार आहे : बाळाचं काम पासपोर्ट ऑफिसात क्वचित अडतं. अडतं ते जन्मदाखल्यावर.

एवढ्याशा बाळाला खरंच वेगळा पासपोर्ट लागतो?

हो, दहा दिवसांचं बाळ असलं तरी लागतो. पूर्वी आईच्या पासपोर्टवर मुलांची नावं चढवायचे. तुमच्या सासूबाईंना किंवा आईला ते आठवत असेल, म्हणून त्या "वेगळा कशाला?" असं विचारतात. ती पद्धत कधीच बंद झाली. आता एक माणूस, एक पासपोर्ट. नेपाळ आणि भूतानला भारतीय नागरिकांना पासपोर्ट सक्तीचा नाही, बाकी सगळीकडे हवाच. आणि ज्या देशाचा व्हिसा तुम्हाला लागतो, तो बाळालाही स्वतंत्र लागतो. विमानात बाळ मांडीवर बसणार असलं तरी कागदोपत्री तो एक पूर्ण प्रवासी असतो.

सुरुवात कुठून करायची?

जन्मनोंदणीपासून. कायद्याने जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर दवाखानाच ती माहिती निबंधकांकडे पाठवतो. पण "पाठवली असेल" असं गृहीत धरून बसू नका. घरी जायच्या आधीच विचारून घ्या की माहिती कुठल्या कार्यालयात गेली आणि दाखला कधी मिळेल. २१ दिवस उलटले तर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते. त्यापुढे वर्षभरापर्यंत वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. म्हणजे जितका उशीर तितक्या फेऱ्या.

पासपोर्टसाठी हे इतकं महत्त्वाचं का, तेही सांगते. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. २०२५ साली पासपोर्टच्या नियमांत तशी दुरुस्ती झाली. आज ज्यांच्या हातात तान्हं बाळ आहे, त्यांच्यापुढे दुसरा पर्यायच नाही. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचं पुस्तक, बाळाचं आधार, यातलं काहीही त्याची जागा घेऊ शकत नाही. दाखला महानगरपालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत किंवा जन्म-मृत्यू निबंधक यांच्यापैकी ज्यांच्याकडे नोंद झाली, त्यांचाच हवा.

आमचं बारसं अजून व्हायचंय. नावाशिवाय दाखला मिळतो म्हणे, तो चालेल का?

मिळतो, पण पासपोर्टसाठी उपयोगाचा नाही. जन्मनोंद नावाशिवाय होऊ शकते. नाव नंतर घालता येतं : नोंदणीपासून बारा महिन्यांत विनाशुल्क, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. या सवलतीमुळे बरेच आईबाप निवांत राहतात. प्रवास ठरलेला असेल तर मात्र नाव आधी ठरवा आणि पहिल्याच दाखल्यात घाला. बारसं पाहिजे तेव्हा थाटात करा, आत्याला कुर्रर्र करायला नाव आधी ठरलेलं असलं म्हणून काही बिघडत नाही.

नाव ठरवताना रोमन लिपीतलं स्पेलिंगही त्याच दिवशी ठरवा आणि घरात एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. "श्रेया"मधला "श्रे" दोन-तीन पद्धतींनी लिहितात. "मीरा"मधला "मी" कुणी डबल ई लावून लिहितं, कुणी एक आय लावून. आजोबा दवाखान्यात एक स्पेलिंग सांगतात, बाबा आधारच्या वेळी दुसरं आणि आई फॉर्म भरताना तिसरं. मग तिन्ही कागद एकमेकांसमोर ठेवले की ते तीन वेगळ्या मुलींचे वाटतात.

दाखला हातात आला. त्यात काय तपासायचं?

खिडकीवरून हलायच्या आधी, तिथेच उभं राहून तपासायचं. बाळाचं नाव, जन्मतारीख, लिंग, जन्मस्थान आणि आईवडिलांची पूर्ण नावं, एकेक अक्षर बोट ठेवून.

आमचा घोळ आईच्या नावात झाला. माझं पासपोर्टवरचं नाव सासरचं. बाळंतपणाच्या वेळी दवाखान्यात माझी जुनी फाईल काढली गेली, तिच्यावर माहेरचं नाव होतं. नोंद त्याच नावाने गेली आणि दाखल्यावर आईच्या रकान्यात तेच छापून आलं. मुलीचं नाव बरोबर, तारीख बरोबर, म्हणून आम्ही दाखला घडी घालून फाईलमध्ये ठेवून दिला. चूक दिसली ती पासपोर्टचा फॉर्म भरताना, रात्री अकरा वाजता. दुरुस्ती होते, कायद्यात तशी तरतूद आहे. पण अर्ज, दवाखान्याचं पत्र, दोन्ही नावांचा संबंध दाखवणारा विवाह नोंदणीचा दाखला, आणि पुन्हा तीच रांग असं करत तीन आठवडे गेले. कडेवर सव्वादोन महिन्यांची पोर घेऊन. म्हणून कळकळीने सांगते, बाळंतपणासाठी दवाखान्यात नाव घालतानाच पासपोर्टवर जे आहे तेच नाव घाला, आणि जन्मनोंदीचा फॉर्म दुसऱ्या कुणाला भरू देऊ नका. नवऱ्याने भरला तरी सही करायच्या आधी तुम्ही वाचा. अंगात त्राण नसतं हे मान्य आहे, तरी वाचा.

फॉर्ममध्ये वडिलांचं नाव आणि आडनाव कसं लिहायचं?

फॉर्ममध्ये दोन रकाने असतात : एक नावाचा, एक आडनावाचा. आपल्याकडे बाळाचं नाव, वडिलांचं किंवा आईचं नाव आणि आडनाव असं तिहेरी लिहायची रीत आहे. ती ठेवायची असेल तर पहिली दोन नावं पहिल्या रकान्यात आणि आडनाव दुसऱ्यात. मधलं नाव नको असेल तरी हरकत नाही, पण जे जन्मदाखल्यावर आहे तेच फॉर्मवर असू द्या.

आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. दाखल्यावर नुसतं "आरोही" एवढंच असेल तर आधी दाखल्यात पूर्ण नाव करून घ्या. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर एकच नाव असलेल्या पर्यटकांना प्रवेश नाकारायला सुरुवात केली, तेव्हा ऐन विमानतळावर लोकांची फार ओढाताण झाली. आडनाव न लावण्यामागे तुमची काही भूमिका असेल तर ती मी समजू शकते. तरीही वडिलांचं किंवा आईचं नाव आडनावाच्या रकान्यात घालणं बाळाच्या सोयीचं आहे.

कागद कोणकोणते लागतात?

जन्मदाखला मूळ प्रत. आईवडिलांचे पासपोर्ट असतील तर तेही मूळ, आणि त्यांच्या पहिल्या व शेवटच्या पानांच्या झेरॉक्स. पालकांचा पासपोर्टच बाळाच्या पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो, त्यामुळे बाळाचं आधार नाही म्हणून अडून राहू नका. पासपोर्टवरचा पत्ता जुना असेल तर आताच्या पत्त्याचा पालकांच्या नावचा दुसरा पुरावा घ्या. मग संमतीचं घोषणापत्र, त्याला "परिशिष्ट डी" म्हणतात. ते साध्या कागदावर छापून दोघांनी सही करायची असते. नोटरी, स्टॅम्प पेपर, मॅजिस्ट्रेट यातलं काही लागत नाही. बाहेर कुणी पाचशे रुपयांत "ॲफिडेव्हिट करून देतो" म्हणालं तर नको म्हणा. झेरॉक्सवर बाळाच्या वतीने आई किंवा वडील सही करतात.

तुमच्या परिस्थितीला नेमकं काय लागेल ते पासपोर्ट सेवाच्या संकेतस्थळावर "डॉक्युमेंट ॲडव्हायझर" मध्ये कळतं. चार-पाच प्रश्नांची उत्तरं दिली की यादी येते. संकेतस्थळ मात्र सरकारीच उघडा : पासपोर्टइंडिया डॉट गव्ह डॉट इन. हुबेहूब तसंच दिसणारी, जादा पैसे घेणारी खोटी संकेतस्थळं बरीच आहेत.

आम्हा दोघांपैकी एकालाच येणं जमणार आहे. चालेल?

चालतं. बाळासोबत एक पालक पुरतो, फक्त परिशिष्ट डीवर दोघांच्या सह्या हव्यात. दुसरा पालक परदेशात असेल तर तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित केलेलं त्याचं संमतीचं शपथपत्र मागितलं जातं. त्याच्या अपॉइंटमेंटला आणि टपालाला वेळ जातो, म्हणून बाळाच्या फॉर्मच्या आधी ते काम हातात घ्या.

मी एकटी आई आहे. वडिलांचं नाव, सही द्यावीच लागेल का?

नाही. डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर झालेल्या बदलांनंतर फॉर्ममध्ये आई किंवा वडील, कुणा एकाचं नाव पुरतं. आईबाप वेगळे राहतात पण घटस्फोट झालेला नाही, किंवा एकजण संमती द्यायला तयार नाही, अशा वेळी परिशिष्ट डीऐवजी "परिशिष्ट सी" लागतं. त्यात दुसऱ्याची संमती का नाही ते स्वच्छ लिहायचं. घटस्फोट झाला असेल आणि ताबा तुमच्याकडे असेल तर न्यायालयाचा आदेश सोबत न्या. काउंटरवर कुणी घरगुती चौकशा केल्या तर बिचकू नका, नियमात बसणारा कागद तुमच्या हातात आहे. दत्तक मुलांसाठीही नोंदणीकृत दत्तकपत्राची सक्ती तेव्हाच काढली. देशांतर्गत दत्तक असेल तर साध्या कागदावरची घोषणा चालते.

फोटो कसा काढायचा? बाळ मान धरत नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि खरंच कष्टाचं काम आहे. मोठ्यांचा फोटो पासपोर्ट सेवा केंद्रातच काढतात. चार वर्षांखालच्या मुलांचा मात्र छापलेला फोटो आपण न्यायचा असतो : ४.५ सेंमी उंच, ३.५ सेंमी रुंद, मागे पांढरी पार्श्वभूमी.

स्टुडिओत नेलंत तर बहुतेकदा तुम्हाला बाळ उभं धरायला सांगतात आणि फोटोत तुमची बोटं येतात. ती चालत नाहीत. घरी जास्त चांगलं जमतं. गादीवर सुरकुती नसलेली पांढरी चादर पसरा आणि बाळाला उताणं झोपवा. दिवसा, खिडकीजवळ, पण थेट ऊन तोंडावर नको. फ्लॅश बंद. तुम्ही वर उभं राहून फोन चादरीला समांतर धरा आणि तुमची सावली बाळावर पडत नाही ना ते बघा. दुसऱ्या कुणीतरी तुमच्या फोनच्या अगदी मागे खुळखुळा वाजवायचा, बाजूला नाही, म्हणजे नजर सरळ येते. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, दोन्ही कान शक्यतो दिसणारे. टोपडं, चोखणी, दुपटं काहीही नको. काजळाची तीट गालावर असेल तर पुसा. आणि झबलं पांढरं घालू नका, नाहीतर चादरीत खांदेच हरवतात. आमच्या पहिल्या फोटोत मुलीचं डोकं नुसतं तरंगत होतं.

वेळ पोट भरल्यानंतरची, झोपेच्या आधीची. दूध पिऊन वीस मिनिटं झाली, ढेकर निघाली, हातपाय हलवत छताकडे बघतं आहे, तीच घटका. पन्नास फोटो काढा, एक लागेल. तो स्टुडिओत नेऊन योग्य मापात छापून घ्या, पण चेहरा उजळ किंवा गुळगुळीत करू देऊ नका. दोन-चार जास्तीच्या प्रती करा, व्हिसाला उपयोगी पडतात. मात्र व्हिसाच्या फोटोचं माप देशानुसार बदलतं.

फॉर्ममध्ये शिक्षण, नोकरी विचारतात. बाळासाठी काय लिहायचं?

शिक्षणात "पाचवी किंवा त्याहून कमी" हा पर्याय असतो, तो निवडा. पालकांपैकी कुणी सरकारी नोकरीत आहे का, हेही विचारतात, त्याचं खरं उत्तर द्या. "नॉन-ईसीआर"साठी (म्हणजे ठरावीक देशांत नोकरीला जाताना सरकारची वेगळी परवानगी न लागणाऱ्या गटासाठी) पात्र आहे का, या प्रश्नाला "हो". अठरा वर्षांखालची सगळी मुलं त्यात येतात. सहीच्या जागी बाळाचा अंगठा घेतात. मूठ घट्ट असते, ओढू नका. तळहाताला बोट लावलं तर ती आणखी आवळते, हाताच्या मागच्या बाजूवर हळूच बोट फिरवलं की उघडते.

खर्च किती?

अठरा वर्षांखालच्या मुलांच्या ३६ पानी पासपोर्टची फी १,००० रुपये. आठ वर्षांखालच्या मुलांना नव्या अर्जावर दहा टक्के सवलत आहे, म्हणजे ९०० रुपये. तत्काळसाठी आणखी २,००० रुपये. पैसे ऑनलाईनच भरायचे, आणि भरलेली फी वर्षभर चालते.

तत्काळची गरज पडते का, असं विचाराल तर माझं मत : कागद नीट असतील तर बाळाच्या बाबतीत बहुतेक वेळा नाही. आणि कागद नीट नसतील तर तत्काळमुळे ते नीट होत नाहीत.

केंद्रात बाळाला न्यावंच लागतं का? किती वेळ जातो?

न्यावंच लागतं. अर्जदार तोच आहे. अर्ज तुमच्याच शहरातल्या केंद्रात केला पाहिजे असं नाही. जून २०१८ पासून देशात कुठूनही करता येतो. त्यामुळे बाळंतपणाला माहेरी गेलेल्या आईला तिथलं केंद्र जवळ असेल तर तिथूनच काम करता येतं. २०१७ पासून बऱ्याच पोस्ट ऑफिसांतही पासपोर्ट सेवा केंद्रं सुरू झाली आहेत. लहान गावांतल्या लोकांची त्याने मोठी सोय झाली.

आत तीन टप्पे असतात. ए काउंटरवर कागद स्कॅन होतात आणि माहिती तपासली जाते. बी काउंटरवर अधिकारी मूळ कागद पडताळतात आणि सी काउंटरवर मंजुरी. ए काउंटरवर समोरच्या स्क्रीनवर तुमची माहिती दाखवतात आणि "बरोबर आहे ना?" असं विचारतात. पासपोर्ट छापला जाण्याआधी चूक पकडायची ती शेवटची चांगली संधी. बाळ रडत असेल तर ते दुसऱ्याकडे द्या, पण ते नाव अक्षर न् अक्षर वाचा. अपॉइंटमेंट निवडताना बाळाच्या झोपेची वेळ टाळा. सोबत थर्मासमध्ये कोमट पाणी, एक जास्तीचं झबलं, दोन लंगोट आणि पातळ चादर असू द्या, कारण वातानुकूलित हॉल गार असतो.

पोलीस चौकशी होते का?

आईवडिलांकडे चालू पासपोर्ट असतील, त्यांवर जोडीदाराचं नाव असेल आणि परिशिष्ट डी दिलेलं असेल, तर साधारणपणे होत नाही. पालकांचे पासपोर्टच नसतील तर होऊ शकते. शेवटचा निर्णय पासपोर्ट अधिकाऱ्यांचा. जोडीदाराचं नाव आपल्या पासपोर्टवर नाही, असं आत्ता लक्षात आलं तरी घाबरून जाऊ नका, बाळाचा अर्ज त्यामुळे नाकारला जात नाही.

तिकीट आधी काढू की पासपोर्ट आधी?

पासपोर्ट आधी. तिकिटावरचं नाव पासपोर्टशी जुळावं लागतं आणि बऱ्याच व्हिसांना पासपोर्ट क्रमांकाशिवाय अर्जच होत नाही. शेंगेन देशांच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या) व्हिसाला सहा वर्षांखालच्या मुलांना फी नाही आणि बारा वर्षांखालच्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, पण अर्ज तरीही वेगळाच करावा लागतो. स्वतःच्या पासपोर्टची मुदतही याच वेळी बघा. बाळाच्या गडबडीत आईच्या पासपोर्टला पाच महिनेच उरलेत हे कळतं, आणि अनेक देश किमान सहा महिन्यांची मुदत मागतात.

पासपोर्ट किती वर्षं चालतो? बाळाचा चेहरा तर बदलत जाणार.

पाच वर्षं. चेहरा बदलला म्हणून मधेच नवा काढायची गरज नाही. इमिग्रेशनवर बसलेल्या माणसांनी अशी हजारो बाळं पाहिलेली असतात. जन्मदाखल्याची एक प्रत मात्र जवळ ठेवा, विशेषतः आई आणि बाळाचं आडनाव वेगळं असेल किंवा एकच पालक सोबत जात असेल तर. एकट्याने नेताना दुसऱ्या पालकाचं सही केलेलं संमतीपत्रही घ्या. काही देशांत ते विचारतात.

बाळ परदेशात जन्मलं, त्याला भारतीय पासपोर्ट मिळेल?

आईवडील भारतीय असतील तर मिळू शकतो, पण जन्मापासून एक वर्षाच्या आत तिथल्या भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात जन्माची नोंद करायला हवी. त्यावेळी बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं पालकांना लिहून द्यावं लागतं. अमेरिकेसारख्या देशात जन्मलेल्या बाळाला तिथलं नागरिकत्व जन्मतःच मिळतं. तिथला पासपोर्ट काढलात तर भारताचा ठेवता येत नाही, मग ओसीआय कार्डाचा, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या कार्डाचा मार्ग राहतो.

पासपोर्ट घरी आला. आता?

स्पीड पोस्टने येतो, घेताना ओळखपत्र दाखवावं लागतं. पाकीट उघडून नाव, जन्मतारीख, जन्मस्थान पुन्हा वाचा. चूक छापताना झाली असेल तर लगेच पासपोर्ट कार्यालयाला कळवा, थांबू नका. पहिल्या पानाचा फोटो काढून दोघांच्या फोनमध्ये ठेवा. परदेशात हरवला तर दूतावासाला तो क्रमांक लागतो. आता येणाऱ्या ई-पासपोर्टमध्ये चिप असते, म्हणून तो वाकवू नका, त्याला स्टेपल मारू नका, आणि बाळाच्या हातात फोटोपुरताही देऊ नका. आमच्या मुलीने दोन मिनिटांत कोपरा तोंडात घातला होता.